क्रमांक नसलेली दौड

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चिटणीसांनी लेख मागितला, तेव्हा बेंगळूरुच्या मराठी इतिहासावर काही लिहावे अशी त्यांची अपेक्षा असावी. शहाजीराजांच्या जहागिरीपासून आरंभ करणे सोयीचे झाले असते. पण त्या विषयावर अधिकारवाणीने लिहिणारे आपल्या मंडळात आहेत. मी मात्र ज्या इतिहासात वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ओढला गेलो, तो सायकलीचा आहे.

रविवारी पहाटे हेब्बाळच्या पुलावरून कधी गेलात, तर देवनहळ्ळीच्या दिशेने निघालेल्या लाल दिव्यांची रांग दिसेल. त्यांत संगणक अभियंते आहेत, डॉक्टर आहेत, गृहिणी आहेत, निवृत्त बँक कर्मचारी आहेत. बहुतेक नंदीदुर्ग चढून न्याहारीपर्यंत घरी परततात. काही मात्र पुढे जातात. दोनशे, तीनशे, चारशे, सहाशे किलोमीटर. या दीर्घ दौडीला ‘ब्रेव्हे’ असे फ्रेंच नाव आहे.

तिचा उगम इटलीतला. १८९७ च्या जून महिन्यात काही हौशी सायकलस्वार रोमहून नेपल्सला निघाले. अंतर सुमारे २३० किलोमीटर, आणि पण एवढाच की सूर्योदयाला निघून सूर्यास्ताच्या आत पोहोचायचे. त्यांना ‘ऑडॅक्स’, म्हणजे लॅटिनमध्ये धाडसी, हे नाव मिळाले. पुढे १९०४ साली ‘तूर द फ्रान्स’चे जनक आंरी देग्रांज यांनी ही कल्पना फ्रान्समध्ये आणली. तिथे प्रारंभी सर्वांनी एका नायकामागे ठरावीक वेगाने जायचे असा दंडक होता. १९२१ मध्ये पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबाने तो सैल केला. ज्याने त्याने आपल्या गतीने जावे, एकटे जावे वा सोबतीने, मात्र नेमलेल्या वेळेत पोहोचावे. आजही जगभर हाच नियम आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस.

या परंपरेचा मेरुमणी म्हणजे पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस. १८९१ साली ती खरीखुरी शर्यत होती. शार्ल तेरों याने सुमारे १२०० किलोमीटरचे ते अंतर बहात्तर तासांच्या आत तोडले. व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर बंद पडली. १९३१ पासून तिच्या जोडीने चालत आलेली हौशी स्वारांची दौड मात्र टिकली. आता ती चार वर्षांतून एकदा भरते, नव्वद तासांची मर्यादा असते आणि जगभरातून हजारो स्वार येतात. २०१९ साली भारतातूनही शेकडो गेले. भारतात हे रोप रुजवण्यात पुण्याच्या दिव्या ताटे यांचा वाटा मोठा आहे, हे आपणा मराठीजनांना सुखावणारे आहे.

तसे लांब पल्ल्याचे वेड आपल्याकडे नवे नाही. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर करून १९२८ साली परतले. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. हे नाव लहानपणी आम्ही भाड्याच्या सायकलींवर शाळेमागच्या चढावर एकमेकांना बहाल करीत असू. अलीकडचे सांगायचे तर नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र व महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, आणि २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने. बेंगळूरुहून २००८ साली ‘टूर ऑफ नीलगिरीज’ सुरू झाली. तिच्या वाटेवरचा मसिनगुडीहून उटीकडे जाणारा छत्तीस वळणांचा कल्हट्टी घाट भल्याभल्यांना सायकल हातात धरून चालायला लावतो.

तथापि हे विक्रमवीर वेगळे आणि ब्रेव्हेला जाणारा सामान्य माणूस वेगळा. त्याला काय मिळते? बक्षीस नाही. क्रमांकही नाही. नियम स्पष्ट सांगतो की ही स्पर्धा नव्हे. आठ तासांत येणारा आणि साडेतेराव्या तासाला येणारा यांच्या नोंदीचे मोल एकच. हाती एक पुठ्ठ्याचे कार्ड असते, त्यावर ठरलेल्या ठाण्यांवर शिक्का वा सही घ्यायची. मोडतोड झाली तर आपली आपण निस्तरायची.

केंद्र सरकारच्या नोकरीत मी तीस वर्षे ज्येष्ठता यादी पाहत आलो आहे. कोण कोणाच्या वर, कोण कोणाच्या खाली, कोणाचा गोपनीय अहवाल ‘उत्तम’ आणि कोणाचा ‘अत्युत्तम’, यात माणसाची उमेद कशी झिजते हे मी जवळून पाहिले. स्वतःचीही झिजलेली पाहिली. ज्या वर्षी माझ्या मागचे दोघे पुढे गेले, त्याच वर्षी मी सायकल घेतली. हा योगायोग नव्हता, हे सौभाग्यवतींनी तेव्हाच ओळखले होते.

पहिली दौड बागेपल्लीपर्यंत जाऊन परत येण्याची होती. चिक्कबळ्ळापूरच्या पुढे दोनदा पंक्चर झाले. परतताना समोरून वारा. हेब्बाळला पोहोचलो तेव्हा साडेतेरा तासांवर बावीस मिनिटे झाली होती. कार्ड घेणारा तरुण माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने घड्याळ पाहिले, कार्ड पाहिले, आणि म्हणाला, “काका, वेळ संपली आहे. पण आधी बसा, चहा घ्या.” सरकारी माणूस असल्याने बावीस मिनिटांची सवलत मागण्याचा मोह मला झाला, हे कबूल करतो. तोंडून शब्द फुटला नाही. एवढ्यात माझ्याही मागून एक वृद्ध कन्नड गृहस्थ आले. त्यांनी शांतपणे कार्ड दिले, माझ्या शेजारी बसून बूट सोडले आणि विचारले, “मुंदिन तिंगळु?” म्हणजे, पुढच्या महिन्यात?

नाशिकचे सायकलस्वार आषाढीपूर्वी पंढरपूरला सायकलवारी नेतात, हे वाचून मला नवल वाटत नाही. वारीत कोण पुढे पोहोचला, हे कोणी विचारत नाही.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघे बरोबरच निघालो. वारा पुन्हा समोरूनच होता. तेरा तास आणि दहा मिनिटे लागली. पुढे त्या दौडीचा नोंदणी क्रमांक पॅरिसहून आला, तो कार्यालयातल्या माझ्या टेबलावर काचेखाली ठेवला आहे. परवा एका कनिष्ठ सहकाऱ्याने तो पाहून विचारले, “साहेब, हा तुमचा कितवा नंबर?”

मी त्याला शनिवारी पहाटे पाच वाजता हेब्बाळला बोलावले आहे.