तळटीप : दोन कार्डांवर विभागलेले जाळे

ग्रंथकर्त्याने येथे ओझरता निर्देश केलेले जाळे म्हणजे टोरोंटो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी 2012 साली सिद्ध केलेले ‘अ‍ॅलेक्सनेट’ होय. सुमारे 12 लक्ष छायाचित्रांवरून 1000 वर्गांची ओळख शिकवावयाच्या या जाळ्यात 6 कोटी गुणांक होते, आणि त्याचा सारा पसारा 3 गिगाबाइट स्मृतीच्या एका ग्राफिक्स कार्डात मावेना. म्हणून, मुळात संगणकीय खेळांची दृश्ये रेखाटण्यासाठी बाजारात आलेली अशी दोन कार्डे घेऊन, प्रत्येकावर निम्मे निम्मे न्यूरॉन ठेवण्यात आले, आणि परस्परांशी देवघेव त्यांनी काही ठरावीक थरांवरच करावी, असा दंडक घालण्यात आला. तिसरा थर दोन्ही कार्डांवरील दुसऱ्या थराचे फलित वाचतो. चौथा मात्र केवळ आपल्याच कार्डावरील तिसऱ्या थराचे. माझ्या मते या निर्बंधातच योजनेचे खरे मर्म आहे, कारण समांतर गणनेत आकडेमोडीपेक्षा दळणवळणाचाच खर्च पुष्कळदा डोईजड होतो. शिक्षण पाच-सहा दिवसांत पुरे झाले.

पुढे 2017 साली फेसबुकच्या संशोधकांनी 256 ग्राफिक्स प्रोसेसरांपैकी प्रत्येकाकडे जाळ्याची संपूर्ण नक्कल व दर फेरीस 32 चित्रांचा हिस्सा सोपवून, ‘रेसनेट-50’ हे जाळे एका तासात शिकविले. पुढील प्रकरण वाचताना विभागणी जाळ्याची आहे की चित्रांची, हे वाचकांनी प्रथम पाहून घ्यावे. — संपादक