मुतखड्याचा सल्ला: हुलग्यापासून चॅटबॉटपर्यंत

पेठ वडगावात धनाजी जाधवांची समाधी आहे, तेव्हा इथं व्याख्यान म्हटलं की लोकांना लढाया ऐकायच्या असतात. आम्ही आज लघवीच्या दुखण्यावर बोलणार आहोत. हसा, हरकत नाही. याच संकोचापायी माणूस आता डॉक्टरच्या आधी मोबाईलला विचारतो, "मुतखड्याला दूध चालतं का?" चॅटबॉट दोन सेकंदांत उत्तर देतो. त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे ठरवायचं तर असा सल्ला आजवर कोण देत आलं, ते आधी बघायला हवं.

सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाचा सातवा अध्याय अश्मरीचा, म्हणजे मुतखड्याचा. शस्त्रक्रिया सांगण्याआधी तिथं वैद्याला बजावलंय, की शस्त्र लावलं नाही तर मृत्यू नक्की, लावलं तरी शंका आहेच. म्हणून आधी धन्याची परवानगी घे. शंका लपवायची नाही, हे इतकं जुनं आहे.

आपल्या भागात घरोघरी उपाय ठरलेला: हुलग्याचं माडगं, पानफुटीची पानं. त्यानं खडा विरघळतो असं नाही, पण आजीचा सल्ला चुकला तर आजी घरातच असायची, जाब विचारता यायचा. १८९१ मध्ये कोल्हापूर–मिरज रेल्वे सुरू झाली आणि १८९४ मध्ये मिरजेत डॉ. वानलेस यांचं मिशन रुग्णालय उभं राहिलं. (वानलेसवाडी हे नाव त्यांचंच.) वडगावचा माणूस हातकणंगल्याला गाडीत बसला की मिरजेच्या सर्जनपर्यंत पोचू शकत होता. पुढं १९८० मध्ये म्युनिकला बाहेरून धक्कालहरी देऊन खडा फोडायची सोय झाली.

आता दुधाकडं येऊ, कारण खरी गोम तिथं आहे. बरेच खडे कॅल्शियमचे असतात, म्हणून डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत, दूध-दही बंद करा. ऐकायला अगदी पटणारं. १९९३ मध्ये अमेरिकेत ४५,०००हून जास्त पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि निघालं उलटंच: जेवणातून कॅल्शियम जास्त घेणाऱ्यांना खड्याचा त्रास कमी. आहारातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, ते लघवीत कमी उतरतं. (गोळ्यांतल्या कॅल्शियमची गोष्ट वेगळी.) म्हणजे चांगले शिकलेले डॉक्टरही प्रामाणिकपणे चुकीचं सांगत होते. वारणेच्या दुधाच्या या पट्ट्यात अजून कितीतरी घरांत खडा झाला की पहिल्यांदा दुधाचा कप बंद होतो!

चॅटबॉट शिकतो लिहिलेल्या मजकुरावरून. त्यात १९९३ आधीचा सल्ला आहे, नंतरचा आहे, आणि जुनाच सल्ला पुन्हा पुन्हा उतरवून काढलेलेही ढीगभर लेख आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी त्याला मूत्ररोगांवरचे १३ प्रश्न प्रत्येकी तीनदा विचारले. तीनदा का? तर तोच प्रश्न पुन्हा विचारला की उत्तर बदलू शकतं म्हणून. सुमारे ६० टक्के उत्तरं योग्य ठरली. यंत्रं त्यानंतर सुधारली, हेही खरं. पण ते प्रश्न इंग्रजीत होते, आणि वैद्यकीय भाषेत नीट मांडलेले होते. आपला माणूस टाईप करतो, "उन्हाळी लागलीय". लघवीला जळजळ होतेय, हे वडगावच्या बाजारात कुणालाही कळतं. यंत्रानं त्याचा उन्हाळा केला तर सावलीत बसायचा सल्ला मिळणार, तोही अगदी ठाम आवाजात.

सुश्रुतानं सांगितलेली शंका या ठाम आवाजात फार कमी ऐकू येते. आणि दुसरं, बरा डॉक्टर उत्तर देण्याआधी उलट विचारतो: ताप आहे का? थंडी वाजते का? लघवी होतेय ना? एकच किडनी आहे का? बाईमाणूस असेल तर, दिवस गेलेत का? पोटात कळ एवढंच टाईप केलं तर "भरपूर पाणी प्या" हे उत्तर चूक नाही. लघवी दिवसाला अडीच लिटर व्हावी इतकं पाणी खडा होणाऱ्यानं प्यावंच. पण खडा अडकलाय आणि थंडी-ताप भरलाय, तर तेच उत्तर वाचून सकाळची वाट बघणाऱ्याची किडनी जाऊ शकते, जीवही. अशा वेळी त्याच रात्री दवाखाना गाठावा लागतो.