कन्व्हर्टिबलचे छत अडते तेव्हा
कन्व्हर्टिबल मोटारीचे विजेवर चालणारे छत अडले, की आधी कान द्यावा. बटण दाबल्यावर पंपाची घरघर ऐकू येते, पण छत हलत नाही, अशा वेळी हायड्रॉलिक तेलाची पातळी व गळती तपासावी. आवाजच नसेल, तर बॅटरी, फ्यूज, रिले पाहावेत. डिकीत सामान व छत वेगळे ठेवणारा पडदा जागेवर नसला, तरी काही मोटारींत यंत्रणा मुद्दाम गप्प राहते.

बीएमडब्ल्यूच्या पहिल्या झेड-४ मध्ये (२००२ ते २००८) मात्र दुखणे अनेकदा पाण्याचे असते. छतावरील पाणी वाहून नेणारी नळी पालापाचोळ्याने तुंबते आणि तळाशी बसवलेली पंपाची मोटर बुडते. मोटर महाग, नळीची सफाई जवळपास फुकट. पण नळी तुंबलेली ठेवून मोटर बदलली, तर नवीही पाण्यातच जाते.