सूरजागड : डोंगर कोणाला विचारून खणायचा?

आमच्या गेवराई तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. चकलांब्याच्या पंचक्रोशीत वाळूघाटाचा लिलाव निघाला, की ग्रामसभेच्या ठरावाची चर्चा पारावर होतेच. हीच गोदावरी पुढे सिरोंच्याजवळ प्राणहितेला भेटते आणि थोडे पुढे गेल्यावर भामरागडकडून आलेली इंद्रावती तिला मिळते. त्या इंद्रावतीच्या मुलखात, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, सूरजागडचा डोंगर आहे. त्याच्या पोटात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे आणि माथ्यावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव. वाळूसाठी गावाला विचारावे लागते, मग अख्ख्या डोंगरासाठी का नाही, या प्रश्नाने मला या इतिहासाकडे नेले.

या मुलखातील लोखंड नवे नाही. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. त्याआधी हा सारा प्रदेश चांदा जिल्ह्यात होता. तिथले कारागीर लाकडी कोळशाच्या लहान भट्ट्यांत खनिज गाळून विळे, कुऱ्हाडी, फाळ घडवीत. १८८२ मध्ये चांद्याच्या लोहारा टेकडीवरील खनिजाबद्दलचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात आला आणि पोलाद कारखान्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली. जवळचा वरोऱ्याचा कोळसा त्या कामाचा निघाला नाही आणि पुढे कारखाना साकचीला उभा राहिला. चांद्याचे डोंगर तेव्हा वाचले ते कोळशामुळे. तिथे कोण राहते, हा विचार त्या निर्णयात कुठेच नव्हता.

राहणाऱ्यांनी मात्र आपले म्हणणे त्यापूर्वीच मांडले होते. नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांचा अंमल या जमीनदाऱ्यांत आला. १८५८ मध्ये मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंडांची फौज उभारून राजगड परगण्यात उठाव केला. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. अखेर अहेरीच्या जमीनदारणीच्या मदतीने बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्यात फाशी देण्यात आली. लोकस्मृतीत सूरजागड आणि बाबूराव एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परिसरातील गावे ठाकूरदेवाच्या यात्रेला डोंगरावर जमतात. तिथे पूजा होते, तशीच इलाक्याची बैठकही भरते. इलाका म्हणजे परंपरेने बांधलेला गावांचा समूह. सूरजागड इलाक्यात अशी सुमारे ७० गावे आहेत आणि खाणीविरोधाचे ठराव याच व्यवस्थेतून पुढे आले.

आता तारखा पाहू. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी केले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला परंपरा आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिला. पण खनिजांबाबत त्याची मेख अशी, की ग्रामसभेची शिफारस फक्त गौण खनिजांसाठी बंधनकारक आहे. वाळू, मुरूम गौण, लोखंड प्रमुख. पारावरच्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर इतके सरळ आहे! डिसेंबर २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला आणि आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे त्याच्या प्रस्तावनेतच मान्य केले. तो प्रत्यक्ष लागू झाला २००७ च्या अखेरीस. सूरजागडावरील सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा लॉइड्स मेटल्स कंपनीला मिळाला तो मधल्या काळात, म्हणजे २००७ मध्येच. वनजमीन वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, हे केंद्राचे परिपत्रक २००९ चे. कागदावर हक्क येण्याआधीच डोंगर कागदावरून गेला होता.

प्रत्यक्ष काम अडखळत सुरू झाले. २०१३ मध्ये माओवाद्यांनी कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यासह तिघांची हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये खाणीवरची सुमारे ८० वाहने जाळली. या हिंसेने ग्रामसभांचे काहीच भले झाले नाही. उलट, ठराव करणारा प्रत्येक माणूस संशयाच्या सावलीत आला. २०२१ पासून उत्खनन जोमाने सुरू झाले. वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढ करण्यासाठीची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली, ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोली शहरात. मार्च २०२३ मध्ये तोडगट्टा येथे प्रस्तावित खाणींच्या आणि त्यांच्यासाठीच्या रस्त्यांच्या विरोधात ठिय्या सुरू झाला. गावोगावची माणसे पाळीपाळीने येऊन बसत. आठ महिन्यांहून अधिक काळ चाललेले हे आंदोलन नोव्हेंबरमध्ये पोलिस कारवाईनंतर संपले.

खाणीने रोजगार दिला, हे खरे आहे. परिसरातील काही तरुण तिथे काम करतात आणि त्यांच्या घरात नियमित पगार येतो. दुसरीकडे शेतात उतरणारा लाल गाळ आणि अवजड ट्रकांची वर्दळ यांच्या तक्रारीही तिथल्याच माणसांच्या आहेत. हा वाद एकाच घरातल्या दोन भावांमध्येही असू शकतो. तो मिटवायची जागा ग्रामसभा हीच होती. तिलाच वगळले गेले.

वगळणे अटळ नव्हते. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यांनी बांबूचा व्यवहार स्वतः चालवून दाखवला. ओडिशातील नियमगिरी डोंगराबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी ग्रामसभांना विचारा, असे सांगितले. १२ गावांना विचारले गेले आणि १२ गावांनी नकार दिला. बॉक्साइट डोंगरातच राहिले. सूरजागडच्या गावांनी होकार दिला असता की नकार, हा अंदाज आज बांधण्यात अर्थ नाही. त्यांना विचारले गेले नाही, एवढीच नोंद इतिहासात पडली आहे. एटापल्ली तालुक्यात आणखी खाणपट्टे प्रस्तावित आहेत. निदान तिथे तरी ग्रामसभेचा ठराव पट्ट्याच्या आधी यावा.