स्वरलिपीचे व्याकरण बदलते तेव्हा

पाश्चात्त्य संगीत पाच रेघांवर लिहितात. स्वर रेघेवर आहे की दोन रेघांच्या मध्ये, यावरून त्याची उंची कळते. माणसाच्या डोळ्याला हे चित्र सोयीचे. संगणकाला मात्र अक्षरांची रांग हवी असते. चित्राचे अक्षरांत रूपांतर कसे करायचे, हा प्रश्न संगणकाच्या आरंभीच्या काळापासूनच उभा राहिला.

१९६३ मध्ये अमेरिकेत स्टीफन बाउअर-मेंगेलबर्ग यांनी 'डार्म्स' नावाची सांकेतिक लिपी सुरू केली. संगीताची छपाई संगणकाने करावी, हा तिचा हेतू. त्या काळी माहिती भोके पाडलेल्या कार्डांवरून द्यावी लागे. श्रम वाचावेत म्हणून डार्म्समध्ये संक्षेपांना मुभा होती. उदाहरणार्थ, लागोपाठच्या स्वरांचा कालावधी एकच असेल तर तो पुन्हा लिहिण्याची गरज नसे. पण त्यामुळे एकच धून अनेक प्रकारे लिहिली जाऊ लागली. मग अशा लेखनाचे एकाच प्रमाण रूपात रूपांतर करणारे प्रोग्रॅम लिहावे लागले. लिहिणाऱ्याची सोय आणि वाचणाऱ्या यंत्राची शिस्त यांतील हा ताण पुढेही टिकला.

१९९६ मध्ये नेदरलँड्समधील हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन वादकांनी 'लिलीपाँड' हा मुक्त प्रोग्रॅम लिहायला घेतला. संगणकाची छपाई हाताने कोरलेल्या जुन्या स्वरपत्रांइतकी देखणी व्हावी, ही त्यांची इच्छा. यात स्वर साध्या अक्षरांनी लिहितात. स्वराची पट्टी स्वल्पविरामाने खाली जाते, अवतरणाच्या एकेरी चिन्हाने वर. भातखंडे लिपीत मंद्र सप्तकासाठी स्वराखाली व तार सप्तकासाठी स्वरावर बिंदू देतात, त्याच जातीची ही सोय आहे.

परंतु प्रोग्रॅम सुधारत गेला तसे त्याचे व्याकरणही बदलले. १.८ आवृत्तीत एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा समूह दुहेरी कोनी कंसात लिहीत, तर समांतर चालणाऱ्या ओळी एकेरी कंसात. २००३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत नेमके उलटे झाले. जुनी फाइल तशीच दिली तर नवा प्रोग्रॅम तिचा अर्थ चुकीचा लावणार! सगळे एकेरी कंस आधी दुहेरी केले, तर मूळचे दुहेरी कोणते हे ओळखणार कसे? एका पेल्यातील दूध आणि दुसऱ्यातील ताक यांची अदलाबदल करायला तिसरा पेला लागतो, तसाच हा प्रकार.

यासाठी लिलीपाँडसोबत 'कन्व्हर्ट-एलवाय' नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. फाइलमध्ये ती कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली, त्याचा क्रमांक असतो. तो वाचून हा प्रोग्रॅम त्यानंतरच्या बदलांचे नियम क्रमाने लावतो आणि नवा क्रमांक नोंदवतो. मूळ फाइलची प्रतही राखता येते. कीबोर्डवरून एका ओळीची आज्ञा दिली, फाइलच्या नावाऐवजी तारका-चिन्ह वापरले, की फोल्डरमधील शेकडो फाइली एका दमात बदलतात. २००० साली सुरू झालेल्या 'म्युटोपिया' या स्वयंसेवी संग्रहात अशा दोन हजारांहून अधिक रचना आहेत. त्या हाताने दुरुस्त करायच्या म्हटल्या तर किती हात लागतील, याचा विचार करावा.

मात्र हे यंत्र सर्वज्ञ नाही. अक्षरांचे साचे ते ओळखते, संगीत त्याला कळत नाही. काही ठिकाणी 'हे बदलण्याइतका मी हुशार नाही' अशा अर्थाची सूचना देऊन ते काम माणसावर सोपवते. म्हणून बदललेली फाइल छापून मूळ स्वरपत्राशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.

मजकूर टिकवायचा तर तो नुसता साठवून भागत नाही. तो कोणत्या नियमांनी लिहिला, हेही त्याच्यासोबत लिहून ठेवावे लागते. आवृत्तीच्या क्रमांकाची ती एक ओळ नसती, तर नियम कोठून लावायला सुरुवात करायची हेच कळले नसते. आपल्या शाळेतील जुन्या नोंदवह्या उघडून पाहाव्यात. त्यातील खुणांचा अर्थ कोठे लिहिलेला सापडतो का?