पटांगण कोणाचे?

खेळांच्या इतिहासावर व्याख्यान म्हटले की विक्रमांची आणि विजेत्यांची अपेक्षा असते. आज ज्या इतिहासाकडे आम्ही आपले लक्ष वेधणार आहोत, त्यात विजेते थोडे आहेत आणि कुलुपे फार आहेत. एखादी शिक्षणसंस्था गावातल्या खेळाडूंना आपले पटांगण वापरू देते. पाच-दहा वर्षे सारे सुरळीत चालते आणि पटांगण आपलेच आहे असे गावाला वाटू लागते. मग एके दिवशी फाटकाला कुलूप लागते. संस्थेच्या ठरावात कारण दिलेले असते, आणि ते बहुधा खोटेही नसते. आपल्यापैकी पुष्कळांना हा अनुभव असेल, आम्हांलाही आहे. ज्या शाळेच्या पटांगणात आम्ही दिवेलागणीपर्यंत खेळलो, तेथे एका सुट्टीनंतर ‘बाहेरच्यांस मनाई’ अशी पाटी लागली आणि कालपर्यंतचे आतले आम्ही एका रात्रीत बाहेरचे झालो. आमचा संघ कोणी मोडला नाही. महिना-दोन महिन्यांत तो आपोआप विरला.

पण असे झाल्यावर खेळ नेहमीच विरतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर बास्केटबॉलच्या इतिहासासारखे दुसरे साधन नाही. कुस्ती, हुतूतू, क्रिकेट हे खेळ माळावर आणि गल्लीत वाढले व मागाहून शाळेत आले. बास्केटबॉल मात्र शाळेतच जन्मला. त्याचा जनक शिक्षक आणि त्याचे जन्मस्थान व्यायामशाळा. जो खेळ संस्थेच्या पोटी जन्मला, त्याला संस्थेने दूर लोटले तर त्याची गत काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल.

मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड या गावी वाय.एम.सी.ए.चे, म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे, एक विद्यालय होते. गावोगावच्या शाखांसाठी चालक आणि व्यायामशिक्षक तेथे तयार होत. १८९१ च्या हिवाळ्यात तेथील अठरा विद्यार्थ्यांचा एक वर्ग कवायतीला कंटाळला होता. बाहेर थंडीमुळे खेळता येईना आणि आत तेच ते हातवारे. व्यायामविभागाचे प्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी हा वर्ग जेम्स नेस्मिथ या तिशीच्या कॅनेडियन शिक्षकाच्या हवाली केला. नेस्मिथने व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला, जमिनीपासून दहा फुटांवर, दोन्ही टोकांना पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि नऊ-नऊ जणांचे दोन पक्ष पाडले. १५ जानेवारी १८९२ रोजी ते नियम विद्यालयाच्या नियतकालिकात छापून आले. विद्यालयातून बाहेर पडणारे शिक्षक हा खेळ आपापल्या शाखेत घेऊन गेले आणि दोन-तीन वर्षांत तो शहरोशहरी पसरला.

आणि येथेच तंट्याला सुरुवात झाली. ज्या जागेत पन्नास-साठ माणसे एका वेळी व्यायाम करू शकत, ती जागा आता दहा-बारा खेळाडू अडवून बसू लागले. वर्गणी भरणारा कारकून किंवा दुकानदार संध्याकाळी डंबेल फिरवावयास यावा, तर समोर चेंडूची धुमश्चक्री. त्यातच खेळ दांडगाईचा होऊ लागला. प्रेक्षक आरडाओरड करू लागले. सामना जिंकण्याची ईर्षा आत्मोन्नतीच्या हेतूवर मात करू लागली. तेव्हा कित्येक शाखांनी खेळाच्या वेळा तोडल्या आणि काहींनी तो सपशेल बंद केला. ज्यांनी मूल जन्माला घातले त्यांनीच त्याला दाराबाहेर काढले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण चालकांची बाजू अगदीच लंगडी होती असे नाही. एका व्यायामशाळेत सगळ्यांना सामावून घ्यावयाचे तर कोणाला तरी आवरावे लागणार, हे आपल्यापैकी कोणताही मंडळाचा चिटणीस कबूल करील.

आता दाराबाहेर पडलेल्यांचे काय झाले ते पाहू. न्यू जर्सी राज्यातील ट्रेंटन येथील संघाचे आपल्या वाय.एम.सी.ए.शी बिनसले. तो संघ विरला नाही. त्याने गावातल्या मेसन लोकांच्या इमारतीतील सभागृह भाड्याने घेतले. भाडे द्यावयाचे म्हणजे तिकीट लावणे आले. तिकीट लावले की शिल्लक उरली, आणि शिलकीची वाटणीही आली. नोव्हेंबर १८९६ मध्ये या सभागृहात झालेल्या सामन्यानंतर खेळाडूंना प्रत्येकी पंधरा डॉलर आणि कर्णधार फ्रेड कूपर याला एक डॉलर जास्त मिळाला, असे सांगतात. धंदेवाईक बास्केटबॉलचा आरंभ म्हणून बहुधा याच सामन्याचा उल्लेख होतो.

या सभागृहात आणखी एक गोष्ट झाली. त्या काळच्या नियमाप्रमाणे रेषेबाहेर गेलेल्या चेंडूवर, त्याला जो प्रथम हात लावील त्याचा हक्क असे. त्यामुळे खेळाडू चेंडूमागे थेट प्रेक्षकांत घुसत. तिकीट काढून बसलेल्या प्रेक्षकाच्या मांडीवर खेळाडू येऊन पडणे बरे नव्हे, म्हणून खेळाच्या जागेभोवती बारा फूट उंचीचे तारेचे जाळे उभारण्यात आले. पुढे कित्येक वर्षे अमेरिकन वृत्तपत्रे बास्केटबॉलच्या खेळाडूंना ‘पिंजऱ्यातले’ अशा अर्थाच्या शब्दाने संबोधीत, त्याचे मूळ या जाळ्यांत आहे. आम्हांला या जाळ्यात एक अर्थ दिसतो. वाय.एम.सी.ए.च्या जागेत कालचा प्रेक्षक उद्या खेळाडू होऊ शकत असे. भाड्याच्या सभागृहात खेळणारे जाळीच्या आत राहिले आणि गाव जाळीच्या बाहेर राहिले. खेळ वाचला, पण ज्यासाठी तो निर्माण झाला होता, म्हणजे साध्या माणसाने हिवाळ्यात अंग हलवावे यासाठी, तो हेतू त्या सभागृहात वाचला नाही. १८९८ साली सुरू झालेला पहिला धंदेवाईक संघसमूहही आपला सहावा हंगाम पुरा होण्यापूर्वी, १९०४ साली, बंद पडला. पहिली दोन्ही अजिंक्यपदे ट्रेंटननेच मिळवली होती.

ही झाली पुरुषांची कथा. त्यांच्या हाती निदान भाड्याचे पैसे होते. मुलींच्या हाती तेही नव्हते. स्मिथ कॉलेजातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी नेस्मिथच्या खेळाचे नियम सौम्य करून तो १८९२ मध्येच आपल्या विद्यार्थिनींना शिकवला. पश्चिम किनाऱ्यावर ४ एप्रिल १८९६ रोजी स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांच्या मुली सॅन फ्रान्सिस्को येथे एकमेकींविरुद्ध खेळल्या. महाविद्यालयीन मुलींचा हा पहिला आंतरसंस्था सामना. पुरुषांना आत मज्जाव होता. सुमारे सातशे स्त्रिया पाहावयास आल्या होत्या. स्टॅनफर्डने २ विरुद्ध १ अशी बाजी मारली. आणि तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, त्याच स्टॅनफर्डने आपल्या मुलींना बाहेरच्या संघांशी सामने खेळण्यास बंदी केली. या मुलींच्या मागे ना गाव होते, ना भाड्याचे सभागृह, ना तिकीट काढणारा प्रेक्षक. संस्थेने हात काढला आणि सामने संपले.

या बंदीमागील विचार पुढे देशभर पसरला. १९२३ च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन येथे श्रीमती लू हेन्री हूव्हर यांच्या पुढाकाराने एक परिषद भरली आणि मुलींच्या क्रीडेची तत्त्वे ठरली. लू हूव्हर स्वतः स्टॅनफर्डच्या पदवीधर; १८९८ मध्ये त्यांनी भूगर्भशास्त्राची पदवी घेतली होती. परिषदेचे म्हणणे थोडक्यात असे, की चार निवडक मुलींनी गर्दीपुढे खेळावे आणि बाकीच्या शंभरांनी टाळ्या वाजवाव्यात हे शिक्षण नव्हे. सर्वांनी खेळावे, तिकिटे नसावीत, प्रवास नसावा, अजिंक्यपदे नसावीत. सामन्यांऐवजी निरनिराळ्या शाळांच्या मुली एकत्र मिसळून संघ पाडावेत, म्हणजे कोणतीच शाळा जिंकणार नाही आणि कोणतीच हरणार नाही, असा तोडगाही निघाला. तत्त्व म्हणून याला नावे ठेवणे कठीण आहे. ट्रेंटनच्या जाळीबद्दल आम्ही आताच जी तक्रार केली, तीच ही तक्रार आहे. परंतु व्यवहारात शंभर मुली खेळू लागण्याआधी चार मुलींचे खेळणे बंद झाले. एकामागून एक राज्यांनी मुलींच्या स्पर्धा सोडून दिल्या.

त्याला ठळक अपवाद झाला तो आयोवा राज्याचा. आणि गंमत अशी, की लू हूव्हर यांचे जन्मगाव वॉटर्लू हे याच राज्यातले. आयोवा म्हणजे मक्याचा आणि डुकरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा मुलूख. तेथील मुलींची पहिली राज्यस्पर्धा १९२० साली डे मॉइन येथे झाली आणि करेक्शनव्हिल नावाच्या छोट्या गावाने ती जिंकली. १९२५ मध्ये शाळांच्या क्रीडासंघटनेने मुलींच्या स्पर्धेवरचे आपले छत्र काढून घेण्याचे ठरवले. मोठ्या शहरांतील शाळांना त्याचे काही वाटले नाही. त्यांच्या मुली फारशा खेळतच नव्हत्या. खेळत होत्या त्या खेड्यांतल्या, ज्या घरी गाईंच्या धारा काढीत आणि शेतात राबत. अशा मुलीला चेंडूने इजा होईल हे तिच्या बापाला पटणे शक्य नव्हते. छोट्या गावांच्या शाळांचे पंचवीस चालक एकत्र बसले आणि त्यांनी केवळ मुलींच्या खेळासाठी स्वतंत्र संघटना उभी केली. देशात असे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

हे पंचवीस जण क्रांतिकारक नव्हते. पण त्यांच्या गावात हिवाळ्याच्या रात्री करमणूक एकच होती आणि ती त्यांच्या शाळेच्या छपराखाली होती. व्यायामशाळा गावाने कर भरून बांधलेली, शाळेच्या मंडळावर गावातलेच शेतकरी, खेळणारी मुलगी कोणाच्या तरी नात्यातली. ट्रेंटनच्या लोकांना सभागृह भाड्याने घ्यावे लागले. आयोवाच्या गावांना ते आपलेच असल्याची खात्री होती. म्हणून वरची संघटना दूर झाली तरी खालची जमीन हलली नाही. एका पक्षात सहा जणी, तिघी चढाईच्या आणि तिघी बचावाच्या, मधली रेषा ओलांडायची नाही, असा त्यांचा खेळ सत्तर वर्षांच्या आसपास टिकला. पुढे डे मॉइनच्या प्रेक्षागृहात राज्यस्पर्धेला सुमारे पंधरा हजार माणसे जमत. १९६८ च्या अंतिम सामन्यात युनियन-व्हिटन शाळेने एव्हर्लीचा जादा वेळेत ११३ विरुद्ध १०७ असा पराभव केला. त्यात विजयी संघाच्या डेनिस लाँगने एकटीने ६४ आणि हरलेल्या संघाच्या जनेट ओल्सनने ७६ गुण केले. १९७२ च्या कायद्याने शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेदाला मनाई केली, तेव्हा इतर राज्यांना मुलींचा खेळ नव्याने उभारावा लागला; आयोवात तो चालूच होता. सहा जणींचा खेळ तेथे १९९३ मध्ये संपला, पण तो पाच जणींच्या खेळाला जागा करून देऊन संपला.

येथे एक गोष्ट आम्हांस लपवता येत नाही. ‘युनियन-व्हिटन’ हे नावच सांगते की ती दोन गावांची मिळून एक शाळा होती. खेड्यांतील वस्ती घटत गेली, शाळा एकत्र होत गेल्या. आज ती शाळा बीसीएलयूडब्ल्यू या नावाच्या शाळेत सामावली आहे. त्यातली पाच अक्षरे म्हणजे पाच गावांची आद्याक्षरे. ज्या गावांनी संघटनेच्या ठरावापुढे मान तुकवली नाही, त्यांची शाळाच गाव सोडून गेली. अक्षर राहिले, संध्याकाळ गेली. संस्था कितीही आपली असली तरी ती आपल्या हिशोबाने चालते, हे यावरून ध्यानात घेतले पाहिजे.

मग भरवसा कशावर ठेवावा? या प्रश्नाशी आपण घरी परत येऊ. बास्केटबॉल भारतात आला तोही वाय.एम.सी.ए.च्याच मार्गाने, स्प्रिंगफील्डला शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला व्यायामशिक्षणाचे महाविद्यालय काढले, आणि तेथील शिक्षक देशभर पसरले. मुंबईत या खेळाची वस्ती म्हणून जी ओळखली जाते ती नागपाड्याची गल्ली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तेथे शेजारगृह चालवले आणि त्याच ठिकाणी १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था सुरू झाली. ही संस्था वाढली, तिला मोठी जागा हवी झाली आणि १९५४ साली ती देवनारला स्थिर झाली. तिने कोणावर रोष धरला नाही, की कोणाला हाकलले नाही. ती फक्त आपल्या वाटेने गेली. नागपाड्यातला खेळ मात्र तिच्याबरोबर गेला नाही. तो तेथेच राहिला, कारण तोवर तो गल्लीतल्या पोरांचा झाला होता.

श्रोतेहो, ट्रेंटन, स्टॅनफर्ड, आयोवा या तिन्ही ठिकाणी संस्थांनी हात काढला आणि तिन्ही ठिकाणी कारणे सभ्य होती. फरक पडला तो संस्थेच्या बाहेर काय उभे होते यामुळे. जेथे बाहेर काहीच नव्हते तेथे खेळ मेला. जेथे बाहेर केवळ तिकीट होते तेथे तो जगला, पण जाळीत. जेथे गाव होते तेथे तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. म्हणून शाळेचे पटांगण मोकळे आहे तोवर तेथे जरूर खेळावे, शाळेचे आभार मानावेत. पण त्याच वर्षांत आपले मंडळ नोंदवावे, संध्याकाळच्या वेळा कागदावर लिहून घ्याव्यात, वर्गणीतून चार पैसे बाजूला टाकावेत आणि एखादी लहानशी का होईना, पण गावाच्या नावाची जागा नगरपालिकेकडे मागत राहावे. आमच्या लहानपणीच्या त्या संघाला हे कोणी सांगितले नाही. पाटी लागली त्या संध्याकाळी आम्ही फाटकापाशी उभे होतो, आणि आमच्या हाती चेंडू तेवढा होता.