बाल्टिकचे दप्तर

इतिहास लिहावयाचा तर तो अस्सल साधनांवरून लिहावा, बखरकाराच्या रसाळ वाणीवर विसंबू नये, हा धडा राजवाडे-खरे यांच्या पिढीने आपल्या संशोधकांना असा काही घालून दिला की, दप्तरांचे रुमाल सोडणे, कागदांवरची धूळ झटकणे आणि मोडी अक्षर लावणे हेच इतिहासकाराचे मुख्य कर्म होय, अशी आपणा सर्वांची समजूत होऊन बसली; आणि ती अगदीच वावगी आहे असेही नाही. परंतु युरोपच्या उत्तरेस विसाव्या शतकात एक असे प्रकरण घडले की, ते घडत असताना कोणत्याही सरकारी दप्तरात त्याची नोंद होत नव्हती, आणि पुढे ज्या अस्सल साधनांवरून ते जुळविले गेले त्यांत कागद जवळजवळ नव्हताच. ती साधने म्हणजे मेलेल्या गरुडांची पिसे, गोठविलेली अंडी आणि बाळंतिणींचे दूध. बाल्टिक समुद्रातील मासळीत आणि ती खाणाऱ्या माणसांच्या शरीरात शिरलेल्या अविनाशी रसायनांचे ते प्रकरण होय.

स्वीडन, फिनलंड, रशिया, एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुएनिया, पोलंड, जर्मनी आणि डेन्मार्क या नऊ देशांच्या मध्ये कोंडलेला हा जलाशय नावाने समुद्र असला तरी त्याची सरासरी खोली पन्नास-पंचावन्न मीटरच्या पलीकडे जात नाही. नद्यांचे गोडे पाणी त्यात सतत येऊन मिळते, म्हणून पाणी मचूळ. आणि बाहेरच्या उत्तर समुद्राशी त्याचा संबंध डेन्मार्कजवळच्या अरुंद व उथळ सामुद्रधुन्यांपुरताच असल्यामुळे, आतले सारे पाणी एकदा पालटावयास पंचवीस-तीस वर्षे लागतात. थंडी कडक, जीवजाती थोड्या, माशांची वाढ मंद. अशा समुद्रात जे एकदा आले ते सहजासहजी बाहेर जात नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीकत समजावयास अडचण पडणार नाही.

या समुद्राचे मुख्य धन म्हणजे हेरिंग, आपल्याकडील तारली-पेडव्यांच्या गोतावळ्यातला, थव्याथव्याने फिरणारा तेलकट मासा. इसवी सन १२०० च्या सुमारास लिहिणारा डॅनिश इतिहासकार सॅक्सो ग्रामाटिकस सांगतो की, एरेसुंडच्या सामुद्रधुनीत मासळी इतकी दाटत असे की होडी वल्हविणे कठीण होई आणि जाळ्यावाचून नुसत्या हातांनी मासे धरता येत. यात बखरकाराची अतिशयोक्ती वजा घातली तरी, त्या काळी डेन्मार्कच्या अमलाखाली असलेल्या स्कोने प्रांतातील स्कानोर व फाल्स्टरबो या दोन ठिकाणी भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास जो बाजार भरे त्याच्या भरभराटीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ल्युबेकच्या व्यापाऱ्यांनी ल्युनेबुर्गचे मीठ आणावे, कोळ्यांनी मासळी आणावी, बायकांनी ती साफ करून पिंपांत रचावी, डेन्मार्कच्या राजाने जकात घ्यावी आणि उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य मानणाऱ्या सबंध कॅथलिक युरोपने ती खावी, असा तो व्यवहार होता. ल्युबेकादी शहरांच्या हान्सा या व्यापारी संघाच्या वैभवाचा एक मोठा खांब या पिंपांवर उभा होता.

मोठ्या व्यापाराखेरीज घरगुती रिवाजही तितकाच जुना. हेलसिंकीच्या धक्क्यावर १७४३ पासून दर ऑक्टोबरात हेरिंगचा बाजार भरतो. स्वीडनच्या उत्तरेस, बोथ्नियाच्या आखाताकाठी, जेथे मीठ महाग पडे तेथे लोकांनी थोड्या मिठात मासा आंबवून टिकविण्याची युक्ती काढली. विणीच्या आधी धरलेली मासळी पिंपात आंबते, मग डब्यांत भरली जाते, डबे आतील वायूने फुगतात, आणि परंपरेने ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी ते उघडावयाचे असतात, तेही अंगणात. आमच्या सुक्या बोंबलांना नावे ठेवणाऱ्यांनी हा डबा एकदा जवळून उघडून पाहावा. रोजच्या जेवणातला प्रकार मात्र सौम्य असतो : काटा काढलेल्या दोन तुकड्यांत शेपूसारखा पाला घालून ते एकमेकांवर दाबायचे, राईच्या पिठात घोळवायचे, लोण्यात तळायचे आणि कुस्करलेल्या बटाट्यांबरोबर व रानबोरांच्या आंबटगोड मुरंब्याबरोबर वाढायचे. गरिबाच्या ताटातला आणि सरदाराच्या ताटातला मासा एकच, असे ज्या थोड्या पदार्थांविषयी म्हणता येईल त्यांत याची गणना होईल.

आता या ताटात जे आगंतुक येऊन बसले त्याची कुळकथा पाहू. १९२९ मध्ये अमेरिकेत पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, संक्षेपाने पीसीबी, या द्रव्यांचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. सहजी न पेटणारे, विजेला अटकाव करणारे, आम्ल-अल्कांना दाद न देणारे हे तेल विद्युत्-यंत्रे बनविणाऱ्यांना वरदान वाटले यात नवल नाही. ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटर तर त्याने भरलेच, शिवाय जहाजांचे रंग, इमारतींच्या सांध्यांत भरण्याचे लुकण आणि कार्बनविरहित नक्कलकागद यांतही ते शिरले. जगात एकंदर तेरा लक्ष टनांच्या आसपास पीसीबी तयार झाले, असा अंदाज आहे. दुसरीकडे १९३९ मध्ये बाझेल येथील पॉल म्युलर याने डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढला आणि १९४८ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही द्रव्ये पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, चरबीत मात्र मुरतात. सूक्ष्म प्लवकांतून ती हेरिंगात, हेरिंगातून सील, गरुड व मनुष्य यांच्यात येतात, आणि दर पायरीस त्यांचे प्रमाण चढत जाते. कारण खाणारा प्राणी अन्न जिरवितो, हे द्रव्य मात्र त्याला जिरत नाही.

ही गोष्ट उघडकीस आली ती एका तरुण रसायनज्ञाच्या चिकाटीमुळे. स्टॉकहोम येथे सोरेन येन्सन याजकडे १९६४ मध्ये डीडीटीचे अवशेष मोजण्याचे काम सोपविले होते. वायूच्या प्रवाहात द्रव्ये वेगळी करणाऱ्या यंत्राच्या आलेखपटावर डीडीटीची शिखरे जेथे यावयाची तेथे ती आली, पण त्यांच्या आजूबाजूस ज्यांचा ठावठिकाणा लागत नाही अशी आणखी शिखरे उमटली. एखाद्या कामचुकार माणसाने ती यंत्राची खोड म्हणून सोडून दिली असती. येन्सनने स्वीडनच्या निरनिराळ्या भागांतून आणलेल्या पाइक जातीच्या माशांत ती पाहिली, स्टॉकहोमच्या द्वीपसमूहात मेलेल्या समुद्री गरुडात पाहिली, आणि तीव्र गंधकाम्लातही नष्ट न होणारे हे द्रव्य कीटकनाशक असावे की अन्य काही, या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी तो राष्ट्रीय निसर्गवस्तुसंग्रहालयात गेला. तेथे गरुडांची जुनी पिसे जपून ठेवलेली होती. १९४४ च्या पिसांत ते द्रव्य सापडले. आणि क्लोरीनयुक्त कीटकनाशके स्वीडनमध्ये वापरात आली ती त्यानंतर. आरोपी गुन्ह्याच्या वेळी गावातच नव्हता असा पुरावा मिळाल्यावर त्याची सुटका व्हावी, तशी या बाबतीत डीडीटीची सुटका झाली, आणि शोध कारखान्यांच्या तेलाकडे, म्हणजे पीसीबीकडे वळला.

१९६६ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात एक लहानसा तपशील होता. येन्सनने स्वतःचे, पत्नीचे आणि आपल्या पाच महिन्यांच्या मुलीचेही केस तपासले होते, आणि तिन्हींत ते द्रव्य निघाले. मुलीने अद्याप मासा चाखलेला नव्हता. तिच्या अंगी ते आईच्या दुधातून आले असले पाहिजे, हे अनुमान त्याने तेथेच काढले. बाकीच्यांना त्याचा पुरता अर्थ उमगावयास काही वर्षे जावी लागली.

१९६६ मध्येच त्याच निसर्गवस्तुसंग्रहालयाच्या कपाटांतून दुसरा दाखला निघाला. त्यापूर्वीच्या शंभर वर्षांतील पक्ष्यांच्या पिसांतला पारा आल्फ योनेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजला, तेव्हा बियाण्यास चोळण्याची पारायुक्त औषधे प्रचारात आली त्या १९४० च्या सुमारास तो एकाएकी कैक पटींनी चढलेला दिसला. पक्षी पेंढा भरून ठेवणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील संग्राहकांना पाऱ्याशी काहीच कर्तव्य नव्हते. ते जातींची यादी पुरी करीत होते. आपल्याकडील एखाद्या कुलकर्ण्याने वसुलासाठी लिहून ठेवलेल्या ताळेबंदावरून आज पेशवाईतील धान्याचे भाव काढावेत, तसेच हे झाले. १९६७ मध्ये स्वीडनने ज्या जलाशयांतील मासळीत पारा ठरावीक मर्यादेपलीकडे होता तेथील मासे विकण्यास मनाई केली.

१९६९ मध्ये येन्सन, योनेल्स प्रभृतींनी समुद्राचा हिशेब मांडला, तो असा की, स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यापेक्षा पूर्वेकडील बाल्टिकमधील प्राण्यांत डीडीटी व पीसीबी यांचे प्रमाण अनेक पटींनी अधिक आहे. कोंडलेल्या पाण्याचा तो परिणाम. त्याची फळे डोळ्यांस दिसू लागलीच होती. समुद्री गरुडांस १९२४ पासून कायद्याचे संरक्षण होते, तरी १९७० च्या दशकात बाल्टिककाठच्या घरट्यांपैकी बहुसंख्य घरट्यांतून पिल्ले निघेनाशी झाली. अंड्यांची कवचे पातळ पडली होती, कित्येक अंडी आतल्या आत वाळून जात होती. पर्यावरणप्रेमी मंडळींनी हिवाळ्यात बर्फावर डुकरांची स्वच्छ कलेवरे टाकून गरुडांना विषारी मासळीपासून वेगळे पाडण्याचा खटाटोप आरंभिला. करड्या सीलांची संख्या शतकाच्या आरंभी ऐंशी हजारांच्या वर होती, ती प्रथम शिकारीने उतरली आणि मग काही हजारांवर येऊन थबकली. कारण कितीएक माद्यांचे गर्भाशयाचे मार्गच बुजून गेलेले आढळले.

माणसांचे काय, हा प्रश्न अधिक नाजूक, आणि त्याचे उत्तर देताना भडक भाषा वापरण्याचा मोह टाळला पाहिजे. दक्षिण स्वीडनमधील संशोधकांनी येथे निसर्गानेच मांडून ठेवलेल्या तुलनेचा उपयोग केला : पूर्व किनाऱ्यावरचे कोळी बाल्टिकची तेलकट मासळी खातात, पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी बाहेरच्या समुद्राची, धंदा एक, राहणी एक, फरक पाण्याचा. १९९० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पूर्वेकडील कोळ्यांच्या पत्नींना कमी वजनाची बालके होण्याचा धोका काहीसा अधिक आढळला. फरक मोठा नव्हता. पण मासे खाणे प्रकृतीस हितकर असते हे वैद्यकाचे सामान्य मत ज्या समुद्राच्या बाबतीत दुरुस्त करावे लागले, असा हा समुद्र ठरला, एवढे खरे.

सर्वांत विलक्षण साधन मात्र स्टॉकहोमच्या मातृदुग्धकेंद्रात साठत होते. १९६० च्या दशकाअखेरीपासून तेथे मातांकडून आलेल्या दुधाचे नमुने जपले गेले, आणि कोइडू नोरेन या संशोधिकेने वर्षानुवर्षे ते तपासले. १९७० च्या दशकाच्या आरंभी डीडीटी व पीसीबी यांवर निर्बंध आल्यानंतर दुधातील त्यांचे प्रमाण उतरत गेले, ही समाधानाची गोष्ट. पण त्याच गोठविलेल्या दुधात, ज्याचा कोणाला संशय नव्हता असे एक नवे घराणे सापडले : गाद्या, पडदे व दूरचित्रवाणीसंच पेटू नयेत म्हणून त्यांत घालण्याची ब्रोमीनयुक्त द्रव्ये. १९७२ ते १९९७ या काळात ती दर पाच वर्षांस दुप्पट झालेली होती. दुधाचे नमुने राखून ठेवले नसते तर ही वाढ केव्हा सुरू झाली हे सांगणारा कोणी साक्षीदार उरला नसता.

यानंतरचे राजकारण थोडक्यात सांगता येईल. १९७४ मध्ये बाल्टिककाठच्या राष्ट्रांनी, शीतयुद्धाची तटबंदी उभी असतानाही, हेलसिंकी येथे समुद्ररक्षणाचा तहनामा केला. २००१ मध्ये स्टॉकहोम येथे बारा अविनाशी द्रव्यांविषयी जागतिक करार झाला; भारताने तो २००६ मध्ये मान्य केला. हिवतापाच्या डासांसाठी डीडीटी वापरण्याची मुभा त्यात राखून ठेवली आहे, आणि आपल्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेकाठी रसायनी येथील सरकारी कारखान्यात ते तयार होत असे, हे ज्यांच्या घरी फवारणीवाले येऊन गेले त्यांना सांगावयास नको. हिवतापाने माणसे दगावत असता डीडीटीवर सरसकट तोंडसुख घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पीसीबीच्या बाबतीत असा बचाव कोणास करता येणार नाही.

स्टॉकहोमचा करार झाला त्याच सुमारास युरोपीय संघाने मासळीतील डायॉक्सिन या, पीसीबीप्रमाणेच चरबीत मुरणाऱ्या, विषारी द्रव्यांवर मर्यादा घातली तेव्हा बाल्टिकची मोठी, वयस्क हेरिंग त्या मर्यादेत बसेना. स्वीडन व फिनलंड यांनी सवलत मागितली आणि मिळविली : आपल्या हद्दीत विकावी, परंतु धोका लोकांस सांगावा. त्यानुसार स्वीडनचे अन्नखाते मुलांना व पुढे अपत्याची इच्छा असलेल्या स्त्रियांना सांगते की, बाल्टिकची हेरिंग वर्षातून दोन-तीन वेळांपेक्षा अधिक खाऊ नये. आठ शतके ज्या माशाने त्या किनाऱ्याचे पोट भरले तो मुलांच्या ताटात आता सणावारीच यावा, असा हा हुकूम. धरलेल्या मासळीचा मोठा वाटा माणसांच्या ताटात न जाता मत्स्यचूर्णासाठी आणि फिनलंडमधील मिंक या कातडीसाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या पैदासकेंद्रांकडे जातो, हा व्यापाराचा नवा ओघ.

गरुड परत आले आहेत आणि करडे सीलही. पण दप्तराचे काम थांबलेले नाही. गॉटलंडजवळच्या स्टोरा कार्ल्सो या खडकाळ बेटावर गिलेमॉट नावाच्या समुद्रपक्ष्यांची मोठी वसाहत आहे. हे पक्षी हेरिंगच्या जातीचे लहान मासे खातात, म्हणून १९६८ पासून त्यांची अंडी डीडीटी-पीसीबी मोजण्यासाठी गोळा करून संग्रहालयात गोठविली जात होती. एकविसाव्या शतकाच्या आरंभी तव्याला अन्न चिकटू न देणाऱ्या लेपांच्या व डाग न पडू देणाऱ्या कापडांच्या व्यवसायातील फ्लोरीनयुक्त द्रव्यांविषयी शंका निघाली, तेव्हा संशोधकांनी तीच जुनी अंडी बाहेर काढली. त्यांतील पीएफओएस या द्रव्याचे प्रमाण १९६८ ते २००३ या पस्तीस वर्षांत जवळजवळ तीसपट चढलेले निघाले. २००९ मध्ये ते द्रव्यही स्टॉकहोमच्या यादीत गेले. अंडी गोळा करताना हंगामाच्या सुरुवातीचीच उचलण्याचा प्रघात आहे, कारण पहिले अंडे गेले तर मादी बहुधा काही दिवसांत दुसरे घालते.